आम्ल लागताच रंग बदलणारं कापड : नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ई-रिक्षाच्या बॅटऱ्या चार्ज करणारे, इन्व्हर्टरचे दुकानदार, सराफा ओळीत तेजाबाशी काम करणारे आणि विज्ञान प्रदर्शनासाठी धडपडणारे विद्यार्थी हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. इथली सगळी मापं १०० ग्रॅम कोरड्या कापडासाठी आहेत. कापड कमी-जास्त असेल तर त्याच प्रमाणात बदला.

हे कापड नेमकं काय सांगतं?

कापडाला लागलेल्या ओलीचा सामू, म्हणजे पीएच, ठरावीक आकड्याच्या खाली गेला एवढंच. आम्ल कोणतं, किती, कुठून आलं, हे ते सांगत नाही. आणि ते संरक्षण तर अजिबात देत नाही. रंग बदलला म्हणजे आम्ल कापडापर्यंत पोचलं आहे. म्हणून या कापडाचा पूर्ण झगा शिवण्यात अर्थ नाही. बोटभर रुंदीच्या पट्ट्या करून बाहीच्या टोकाला, ॲप्रनच्या खालच्या काठाला, बॅटरीच्या ट्रेखाली लावा. काम पट्टीच करते.

कोणतं कृत्रिम कापड घ्यावं?

नायलॉन. नागपुरात नायलॉन म्हटलं की आधी मांजाच आठवतो, पण इथे तोच धागा कामाचा आहे. नायलॉनच्या रेणूसाखळीच्या टोकांना अमाइन गट असतात. आम्लधर्मी पाण्यात ते धनभारित होतात आणि ऋणभार असलेला दर्शक रंग, म्हणजे सामूनुसार रंग बदलणारा पदार्थ, धरून ठेवतात. बहुतेक उपयोगी दर्शक याच जातीचे आहेत.

पॉलिस्टरला अशी पकडच नसते. त्याला डिस्पर्स रंग (पाण्यात न विरघळता बारीक कणांनी पसरणारे) लागतात, तेही १३० अंशांवर, दाबाच्या यंत्रात. घरच्या पातेल्यात उकळलेलं पॉलिस्टर धुतलं की पांढरं होऊन बाहेर येतं.

कोटिंग नसलेलं साधं टॅफेटा किंवा जाळी घ्या. छत्रीचं आणि रेनकोटचं कापड टाळा, कारण त्यावर पाणी ठरत नाही आणि आम्लाचा थेंबही घरंगळून जातो.

गांधीबागेतून आणलेलं ‘नायलॉन’ खरंच नायलॉन आहे, हे कसं ओळखायचं?

दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका. बाजारात कोणत्याही गुळगुळीत कापडाला नायलॉन म्हणतात. मिठाच्या पाण्याची परीक्षा सोपी आहे. १०० मिली पाण्यात ३६ ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा आणि भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब टाका. कापडाचे काही धागे उसवून त्यात बुडवा आणि चमच्याने दाबून हवेचे बुडबुडे काढा. या पाण्याची घनता १.२० च्या आसपास असते. नायलॉनची १.१४, म्हणून ते वर येतं. पॉलिस्टरची १.३८, ते तळाशी जातं. बुडबुडे राहिले तर पॉलिस्टरही तरंगतं. इथेच बहुतेकांची फसगत होते.

ॲक्रिलिकही (१.१७) तरंगतं. शंका आली तर धागा चिमट्यात धरून जाळा. नायलॉन ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं, धूर पांढुरका येतो. ॲक्रिलिक भडकून जळतं, काजळी सोडतं आणि काळा वेडावाकडा मणी उरतो.

दर्शक रंग कोणता निवडावा?

आधी कामाचं आम्ल ठरवा, मग रंग. ब्रोमोफिनॉल ब्लू सामू ४.६ च्या वर निळा-जांभळा आणि ३.० च्या खाली पिवळा असतो. ब्रोमोक्रेसॉल ग्रीन ५.४ ते ३.८ दरम्यान निळ्याचा पिवळा होतो. ब्रोमोथायमॉल ब्लू ७.६ ते ६.० दरम्यानच बदलतो.

नवख्यांचा ओढा ब्रोमोथायमॉल ब्लूकडे असतो, कारण तो ‘संवेदनशील’ आहे. नको तितका आहे. हाताच्या घामानेही तो पिवळा पडतो. बॅटरी आणि कारखान्यातल्या आम्लासाठी ब्रोमोफिनॉल ब्लू हीच आमची पहिली पसंती.

मिथिल ऑरेंज (४.४ पिवळा, ३.१ लाल) शाळेपासून ओळखीचा असला, तरी पिवळं-नारिंगी-लाल हा फरक दुरून आणि धुळीत नीट कळत नाही. निळ्याचा पिवळा झालेला लाल-हिरव्यात गल्लत करणाऱ्यालाही दिसतो. कांगो रेड घेऊच नका. तो बेंझिडीनपासून बनतो आणि बेंझिडीनने कर्करोग होतो.

१०० ग्रॅम नायलॉन रंगवण्याची पूर्ण कृती काय?

पातेलं स्टीलचं हवं. ॲल्युमिनियमचं आम्लात खराब होतं. हे पातेलं पुन्हा स्वयंपाकात जाणार नाही, याची घरात सगळ्यांना कल्पना द्या. थर्मामीटर, ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा, हातमोजे आणि चष्मा जवळ ठेवा.

आधी कापड धुऊन घ्या. ४ लिटर पाण्यात ४ ग्रॅम धुण्याचा सोडा आणि ४ ग्रॅम नॉन-आयॉनिक (विद्युतभार नसलेला) साबणद्रव टाकून ६० अंशांवर अर्धा तास ठेवा, मग पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळा. कापड विणताना लावलेलं तेल राहिलं तर तिथे रंग धरत नाही. कपडे धुण्याची नेहमीची पावडर नको, तिच्यातली ‘सफेदी’ कापडावर बसते.

रंगाचं प्रमाण कापडाच्या ०.३ टक्के, म्हणजे ०.३ ग्रॅम ब्रोमोफिनॉल ब्लू. तो पाण्यात सहज विरघळत नाही. ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोड्याचं द्रावण (लिटरला ४ ग्रॅम) ५ मिली घ्या, त्यात रंग घोटा आणि मग पाणी घालून १०० मिली करा. तळाशी कण दिसले तर गाळून घ्या, नाहीतर तेच कण कापडावर ठिपके होऊन बसतील. बाटलीवर ‘सोडियम क्षार’ लिहिलं असेल तर कॉस्टिकची गरज नाही, सरळ कोमट पाण्यात विरघळवा.

आता ४ लिटर आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी, त्यात ४ मिली ग्लेशियल (पाणी न मिसळलेलं) ॲसेटिक ॲसिड आणि ६ ग्रॅम सोडियम ॲसिटेट (स्फटिकी, ट्रायहायड्रेट). सामू साधारण ४.५ येतो. नुसतं ॲसेटिक टाकलं तर तो ३.३ च्या आसपास उतरतो, रंग कापडावर झडप घालतो आणि डाग पडतात. ॲसिटेट त्यासाठीच आहे.

पाणी ४० अंशांवर आणा, ओलं कापड सोडा, १० मिनिटं फिरवा. रंगाचं अर्धं द्रावण टाका, ५ मिनिटांनी उरलेलं. रंग थेट कापडावर ओतायचा नाही, कापड बाजूला सारून पाण्यात ओतायचा. मग दर मिनिटाला एक अंश या गतीने ९५ पर्यंत जा. घाई करायची असेल तर ती ४० च्या खाली करा, वर नको. ९५ ते ९८ वर ४५ मिनिटं ठेवा आणि लाकडी काठीने सतत हलवत राहा. नंतर शेगडी बंद करून ६० अंशांपर्यंत आपोआप निवू द्या. उकळत्या नायलॉनवर गार पाणी ओतलं तर पडलेल्या चुण्या इस्त्रीनेही जात नाहीत.

शेवटी गार पाण्यात दोनदा खळबळा आणि ४० अंशांवर थोड्या नॉन-आयॉनिक साबणाने १० मिनिटं धुवा. कापडावर नुसता चिकटलेला रंग इथे निघून जातो. हे टाळलं तर पहिल्याच घामात तो शर्टाला लागेल.

ॲसेटिक ॲसिड आणि ॲसिटेट मिळालं नाही तर?

४ टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर १७५ मिली आणि खाण्याचा सोडा ४ ग्रॅम, हे ४ लिटर पाण्यात मिसळा. सोड्यामुळे व्हिनेगरमधल्या काही आम्लाचं ॲसिटेट होतं आणि सामू पुन्हा ४.५-४.६ वरच येतो. सोडा चिमटी-चिमटीने टाका, फेस उसळतो. रंगीत ‘मॉल्ट’ व्हिनेगर नको.

रंगारी पाणी ‘पिऊन झालं’ म्हणतात, ते कसं ओळखायचं?

पाण्यात रंग उरला नाही, सगळा कापडात गेला, असा त्याचा अर्थ. ब्रोमोफिनॉल ब्लूचं पाणी ४.५ सामूवर निळं-जांभळं असतं, त्यामुळे उतरता रंग डोळ्यांना दिसतो. ब्रोमोथायमॉल ब्लूत मात्र फसाल. त्याचं पाणी आधीच पिवळं असतं, फिकट पिवळं दिसलं की संपलं असं वाटतं. चमचाभर पाणी पांढऱ्या बशीत घेऊन गार करा आणि खाण्याच्या सोड्याची चिमूट टाका. गडद निळं झालं तर रंग बाकी आहे, अजून १५ मिनिटं चालू ठेवा. तरी उरला तर अर्धा मिली ॲसेटिक टाका.

कापड पिवळं किंवा हिरवट निघालं. बिघडलं का?

नाही. ते आम्लाच्या पाण्यातून आलं आहे, मग आम्ल दाखवणारच. लिटरला अर्धा ग्रॅम खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात एक मिनिट बुडवा, पिळा आणि सावलीत वाळवा. निळं होईल.

इथे हात आखडता ठेवा. सोडा जास्त राहिला तर पहिलं आम्ल तो सोडाच खाऊन टाकतो आणि पट्टी निळीच राहते. खोटा इशारा त्रासदायक असतो, पण न मिळालेला इशारा धोक्याचा. खाण्याच्या सोड्याऐवजी धुण्याचा सोडा किंवा कॉस्टिक वापरू नका. त्यांत नायलॉनची रंगावरची पकडच सुटते आणि पाणी निळं होऊन वाहू लागतं.

नळाचं किंवा बोअरचं पाणी चालेल का?

धुण्याला चालेल, रंगवायला नको. जड पाण्यातले बायकार्बोनेट ॲसेटिक खाऊन टाकतात आणि सामू वर चढतो. मग रंग पाण्यातच राहतो. पर्याय नसेल तर पीएच पट्टी लावत ४.५ येईपर्यंत थोडं थोडं ॲसेटिक वाढवा. बोअरच्या पाण्याने खळबळून वाळवलेल्या पट्टीवर क्षारही राहतात, म्हणून शेवटचं खळबळणं आरओच्या पाण्यातच करा.

रंग डागडाग का बसला?

बहुधा तापमान पटकन वाढवलं. त्यानंतरचं कारण म्हणजे तेल नीट निघालं नाही, किंवा पातेलं लहान होतं आणि कापड दुमडून बसलं. कापडाच्या किमान चाळीसपट पाणी हवं. उभ्या-आडव्या बारीक रेघा दिसल्या तर दोष तुमचा नसेल. धाग्यांतल्या अमाइनचं प्रमाण सारखं नसलं की नायलॉनवर अशा रेघा येतातच. इशाऱ्याच्या पट्टीला त्याने काही बिघडत नाही.

पट्टी काम करते, हे तपासायचं कसं?

बाटलीवर छापलेला सामू द्रावणातला असतो. कापडात अडकल्यावर तो सरकतो आणि बदलाचा पट्टा रुंदावतो. कोणत्या बाजूला किती, हे कापड, रंग आणि फिनिशिंग मिळून ठरवतात. म्हणून प्रत्येक घाणा वेगळा तपासावा लागतो.

प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे ४.० आणि ७.० सामूच्या बफर (सामू ठरावीक ठेवणाऱ्या) गोळ्या किंवा पुड्या मिळतात. त्याशिवाय ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक (सामू १) घेऊन दर वेळी दहापट पातळ करत २ आणि ३ बनवा. दोन बाय पाच सेंटिमीटरच्या पट्ट्यांवर एक-एक थेंब टाका. १० सेकंद, १ मिनिट आणि ५ मिनिटांनी दिवसाच्या उजेडात फोटो काढा. रस्त्यावरच्या पिवळ्या सोडियम दिव्याखाली निळं आणि पिवळं वेगळं ओळखू येत नाही, तिथे तपासू नका. तपासलेली एक पट्टी काळ्या पाकिटात जपून ठेवा, पुढे फिकेपणा ताडायला ती लागेल.

घरगुती खात्री हवी असेल तर तर्री-पोह्यावर पिळायचं लिंबू घ्या. सामू २ ते २.५, पट्टी लगेच पिवळी व्हायला हवी. संत्र्याचा रस ३.३ ते ४.२ दरम्यान असतो, तिथे ती हिरवट अडखळेल. ताकाने (साधारण ४.५) फारसं काही व्हायला नको.

मे महिन्यात घामानेच पट्टी बदलेल ना?

घामाचा सामू साधारण ४.५ ते ६.५. ब्रोमोथायमॉल ब्लू हमखास बदलेल, ब्रोमोक्रेसॉल ग्रीन हिरवा पडेल, ब्रोमोफिनॉल ब्लू बहुतेक वेळा तग धरेल. तरी पट्टी काखेत किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला लावू नका. पावसाचं स्वच्छ पाणीही हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ५.६ च्या आसपास असतं, त्याची ब्रोमोफिनॉल ब्लूला भीती नाही.

आम्लाची वाफ कळेल का?

हायड्रोक्लोरिकची कळते, पण ओल हवी. वाफ आधी ओलीत विरघळते, मगच सामू बदलतो. एप्रिल-मे महिन्यात नागपूरची दुपारची हवा एवढी कोरडी असते, की जुलैत मिनिटभरात पिवळी होणारी पट्टी तेव्हा ढिम्म राहू शकते. उपाय ग्लिसरीनचा. तयार पट्टी ५ टक्के ग्लिसरीनच्या पाण्यात बुडवून पिळा आणि सावलीत सुकवा. ती किंचित दमट राहते. धूळही जास्त धरते, त्यामुळे अशी पट्टी लवकर बदलावी लागते.

बॅटरीतलं सल्फ्युरिक मात्र वाफ होऊन उडत नाही. चार्जिंग जास्त झालं की बुडबुड्यांबरोबर त्याचे बारीक तुषार उडतात. म्हणून पट्टी भिंतीवर टांगण्यापेक्षा बॅटरीच्या झाकणांजवळ आणि ट्रेखाली लावा.

लिंबू सांडलं की बॅटरीचं ॲसिड, हे कापड वेगळं सांगू शकेल का?

एक पट्टी सांगणार नाही, दोन सांगतील. दुसरी पट्टी ॲक्रिलिकची, म्हणजे स्वेटरच्या ज्या लोकरीला आपण कॅशमिलॉन म्हणतो, तिची. ती धनभारित रंग धरते, आणि क्रिस्टल व्हायोलेट हा तसाच रंग आहे. सामू २ च्या वर तो जांभळा असतो, १ च्या आसपास हिरवा आणि ० च्या जवळ पिवळा. लिंबाने नायलॉनची पट्टी पिवळी होईल, ॲक्रिलिकची जांभळीच राहील. बॅटरीचं आम्ल (वजनाने ३३ ते ३७ टक्के) दोन्ही बदलेल.

१०० ग्रॅम लोकरीला ०.२ ग्रॅम रंग पुरतो. औषधाच्या दुकानातलं १ टक्क्याचं जेन्शन व्हायोलेट (म्हणजे हाच रंग) २० मिली घेतलं की तेवढा होतो. पाणी, ॲसेटिक आणि ॲसिटेट वरच्याच मापाने. ८० अंशांपर्यंत ॲक्रिलिक काहीच घेत नाही, आणि त्याच्या वर गेलं की सगळा रंग एकदम ओढतं. म्हणून ८० ते ९५ हा टप्पा दोन मिनिटांना एक अंश, असा रेंगाळत पार करा. तासभर ठेवा आणि ५५ अंशांपर्यंत निवल्याशिवाय लोकर ओढू नका, ती लांबते. गडद रंगवण्याचा मोह आवरा. फिकट धाग्यावरचा बदल लवकर दिसतो. ॲक्रिलिक पाणी शोषत नाही, तेव्हा थेंब टाकून पाच-दहा मिनिटं वाट पाहावी लागते.

क्रिस्टल व्हायोलेट हाताळताना मोजे हवेतच. कातडीवर ते आठवडाभर राहतं, आणि कर्करोगाच्या दृष्टीनेही ते संशयित आहे.

सोन्याच्या कामातल्या नायट्रिकसाठी हीच पट्टी चालेल?

पातळ नायट्रिकसाठी थोडा वेळ. तीव्र नायट्रिक रंग जाळून टाकतं आणि नायलॉनही खातं. पट्टी पिवळी होऊन सोड्यानेही परत निळी होत नसेल तर रंग मेला, असं समजा. ब्लीचिंगचं पाणी आणि क्लोरीनही हेच करतात. पांढरी पडलेली पट्टी ‘सगळं ठीक’ सांगत नसते, ती काहीच सांगत नसते.

तसंच संडास साफ करायचं तीव्र हायड्रोक्लोरिक (साधारण १५ टक्क्यांच्या वर) नायलॉनला विरघळवतं. तिथे पट्टीला भोक पडणं हाच इशारा.

हळद, जास्वंद, गोकर्ण यांनी नायलॉन रंगवता येईल?

हळद नायलॉनवर झकास बसते, पण ती आम्लाला दाद देत नाही. साबणाने लाल होते, म्हणजे ती आम्लारीची पट्टी. जास्वंद आणि गोकर्णाच्या पाकळ्यांतला रंग आम्लात गुलाबी-लाल होतो, पण नायलॉनवर टिकत नाही. तुरटी घालूनही दोन धुण्यांत जातो. प्रदर्शनापुरतं हवं असेल तर त्या पाकळ्यांचा अर्क गाळणकागदावर लावा.

ॲप्रन पॉलिस्टरचा असेल तर?

फारच चांगलं. पातळ खनिज आम्लांत पॉलिस्टर नायलॉनपेक्षा कितीतरी टिकतं. त्यावर नायलॉनची पट्टी पॉलिस्टरच्या दोऱ्याने टाचा, सुती दोऱ्याने नको. सल्फ्युरिकमधलं पाणी उडून ते घट्ट होत गेलं की सुताचा आधी कोळसा होतो आणि पट्टी गळून पडते.

पट्टी किती दिवस चालते, धुता येते का?

उन्हात लवकर मरते. हे दर्शक रंग उजेडाला कच्चे आहेत. उघड्या अंगणात काही दिवसांतच फिकट होतात, बंद खोलीत बरेच टिकतात. जपून ठेवलेल्या नमुन्याच्या अर्ध्यावर रंग आला की पट्टी बदला. धुवायची तर गार पाण्यात, सौम्य नॉन-आयॉनिक साबणाने. इस्त्री नायलॉनच्या खुणेवरच.

बदललेली पट्टी सोड्याच्या पाण्याने पुन्हा निळी होते. यात एक गोम आहे. हायड्रोक्लोरिकची वाफ उडून गेली, किंवा सिमेंटची धूळ बसली, की ती न धुताही परत निळी होऊ शकते. नोंद हवी असेल तर बदल दिसताच वेळेसह फोटो घ्या.

पट्टी पिवळी झाली. पुढे काय?

अंगावर उडालं असेल तर कपडा काढा आणि १५ ते २० मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. डोळ्यांत गेलं असेल तर धुवा आणि थेट दवाखान्यात जा. खाण्याचा सोडा फरशीवर पसरायला आहे, कातडीवर चोळायला नाही. फरशीवर फेस यायचा थांबेपर्यंत टाका, मग पुसा.

उरलेलं रंगाचं पाणी कुठे ओतायचं?

कापडाने रंग पूर्ण ओढला असेल तर ब्रोमोफिनॉल ब्लूचं पाणी सोड्याने सामू ७ वर आणून भरपूर पाण्यासोबत मोरीत सोडता येतं. क्रिस्टल व्हायोलेटचं नाही. ते माशांना विषारी आहे, आणि नाग नदीच्या वाट्याला आधीच पुष्कळ काही आलेलं आहे. त्या पाण्यात लिटरला ५ ग्रॅम ॲक्टिव्हेटेड कोळसा टाकून रात्रभर ठेवा, अधूनमधून ढवळा. सकाळी पाणी रंगहीन दिसलं तर गाळून सोडा, नाहीतर आणखी कोळसा टाका. कोळशाचा गाळ वाळवून, पिशवीत बांधून, घातक कचऱ्यात द्या.